सोसायटीला माझ्या भाडेकरू मुली नकोत, याला वर्णद्वेष म्हणायचं का?

गंगापूररोडचा_घरमालक

नमस्कार मंडळी, वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा गंगापूर रोडला एक टू बीएचके आहे, आम्ही स्वतः इंदिरानगरला राहतो आणि तो भाड्याने देतो. आधीचे भाडेकरू बदली होऊन चाकणला गेले, मग एजंटने दोन मुली आणल्या, एक मणिपूरची आणि एक मिझोरामची, दोघी हॉटेलात नोकरीला. पगाराची स्लिप, आधार सगळं व्यवस्थित, डिपॉझिट त्याच दिवशी ट्रान्सफर केलं. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलं, पोलिसांना कळवलं. तीन आठवडे झाले नाहीत तर सेक्रेटरींचा फोन, की साहेब तुमच्या फ्लॅटमधल्या त्या नेपाळी मुलींच्या कंप्लेंट आल्यात. म्हटलं अहो नेपाळी नाहीत, आपल्या देशातल्याच आहेत. तर म्हणे, तेच हो.

कंप्लेंट काय तर एक, रात्री उशिरा येतात. (शिफ्ट अकराला संपते आणि हॉटेलची गाडी गेटवर सोडून जाते.) दोन, स्वयंपाकाचा वास येतो. आणि तिसरी कुणी लिहून दिलेली नाही पण लिफ्टमध्ये सगळे तीच बोलतात, की असल्या मुली काय काम करतात ते काय आम्हाला कळत नाही का. वॉचमन त्यांना चिंकी म्हणतो, आणि तो स्वतः बिहारचा, त्याला आमचेच मेंबर 'ए भय्या' करून हाका मारतात.

आता रविवारी मीटिंग आहे, विषय 'बॅचलर भाडेकरूंबाबत'. याच बिल्डिंगमध्ये दोन वर्षं जळगावची चार पोरं राहायची, रात्री दोन दोन वाजेपर्यंत गाणी, तेव्हा फार तर कुणीतरी दार वाजवायचं, मीटिंगबिटिंग नाही झाली कधी.

घरी तावातावाने हे सांगत होतो तर माझी दहावीतली मुलगी म्हणाली, बाबा मग आजी मला रोज डाळीचं पीठ आणि साय लावायला सांगते ते काय असतं? गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर एजंटचा फोन आला तेव्हा मीही पहिला प्रश्न हाच विचारला होता, की मुली कुठल्या, आपल्याकडच्याच ना.

तर दोन प्रश्न. हे आपल्यात येतं कुठून, कारण मला तरी घरात कुणी असं बसवून शिकवल्याचं आठवत नाही. आणि दुसरं म्हणजे रविवारी बोलायचं काय?

सातपूरचा_संज्या

दादा याला वर्णद्वेष म्हणणं जरा जास्तच होतंय असं मला वाटतं, राग मानू नका. वर्णद्वेष म्हणजे ते अमेरिकेत गोऱ्या पोलिसांनी काळ्या माणसाला मारलं, दक्षिण आफ्रिकेत वेगळे डबे वेगळी बाकं, ते. आपल्याकडे काय सगळे सावळेच, कोण कुणाचा द्वेष करणार. हा कल्चरचा फरक आहे, वेगळं खाणं वेगळे कपडे, लोकांना सवय नसते, लोक घाबरतात, हळूहळू होते सवय. माझा फ्लॅट पण भाड्याने असतो आणि मी पण फॅमिलीलाच देतो, म्हणजे मी पण वर्णद्वेषी का? उगाच सगळ्याला मोठे मोठे शब्द लावले की समोरचा ऐकून घेत नाही, रविवारी तो शब्द वापरूच नका, चर्चा तिथेच संपेल.

शरणपूर_रोड

संज्याभाऊ शब्द वापरू नका हा सल्ला मीटिंगपुरता ठीक आहे, पण 'आपल्याकडे नाही' हे काही पटलं नाही बुवा. आणि नाशिककराने तर ते म्हणूच नये.

रोज शरणपूर रोडने जाता ना, तिथे पूर्वी काय होतं ठाऊक आहे का? अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, त्यात आफ्रिकेतून पळवून आणलेली पोरं असायची, ती मुंबईला उतरवायचे आणि त्यातली बरीच इथे नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवायचे. आफ्रिकन असायलम म्हणत त्याला. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं वाचणं शिकवायचे. १८७२ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी आफ्रिकेच्या मध्यावर फिरत होता तेव्हा त्याच्या मदतीला जी माणसं धाडली त्यात या शाळेतले काहीजण होते, इंग्रजी पुस्तकांत त्यांना आजही 'नाशिक बॉईज' म्हणतात. त्यातला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आत्ताच्या झांबियात वारला, तर या लोकांनी त्याचं शव मीठ घालून वाळवून कित्येक महिने पायी चालत समुद्रापर्यंत आणलं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं त्यात शवपेटी धरणाऱ्यांमध्ये जेकब होता. नाशिकच्या शाळेतला पोरगा! मी ज्या शाळेत शिकलो ती तिथून चालत दहा मिनिटांवर, पण दहा वर्षांत हे एकदाही कुणी सांगितलं नाही, मोठा झाल्यावर वाचून कळलं. नंतर त्यातल्या बऱ्याच जणांना मोम्बासाजवळ फ्रेरटाउनला नेऊन वसवलं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. आपण समजतो की आधी तिटकारा असतो आणि मग त्या तिटकाऱ्यापायी एक माणूस दुसऱ्याला गुलाम करतो. इतिहास बघितला तर बहुतेक वेळा उलटं दिसतं. अमेरिकेत व्हर्जिनियात १६१९ ला पहिले आफ्रिकन आणले तेव्हा तंबाखूच्या शेतात गोरे वेठबिगारही होते, काळेही होते, काही काळे तर मोकळे होऊन जमिनीचे मालकही झाले. मग १६६२ ला कायदा केला की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गुलाम बाईचं मूल गुलाम, बाप कुणीही असो. (बाप कोण असायचा ते समजून घ्या.) १६७६ मध्ये गोरे बिगारी आणि काळे गुलाम एकत्र येऊन बंड करून बसले, राजधानी जेम्सटाउन जाळली, जमीनदारांची पाचावर धारण बसली. त्यानंतर कायदे आणखी आवळत नेले आणि १७०५ ला सगळे एकत्र करून पक्के केले, काळ्याला एक न्याय आणि गरीब का असेना गोऱ्याला दुसरा, म्हणजे पुन्हा दोघं एकत्र यायला नकोत. कवटीची मापं, देवाची योजना, काळा जन्मतःच मंद, या सगळ्याचं मोठं शास्त्र झालं ते नंतर. पोट आधी, पोथी नंतर. म्हणून मला ते 'लोक अज्ञानी आहेत, शिकले की सुधारतील' पटत नाही, पोथी लिहिणारे सगळे शिकलेलेच होते.

तुमच्या सोसायटीतही बघा कुणाचं पोट आहे त्यात. रिकाम्या फ्लॅटवर कुणाचा डोळा आहे का, कुणाला स्वतःचा नातेवाईक आणायचाय का. गंमत नाही करत, विचारून बघा.

निवृत्त_मास्तर

शरणपूर रोड यांनी छान लिहिलंय, थोडी भर घालतो आणि थोडा विरोधही करतो. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.

त्वचेचा रंग म्हणजे मेलॅनिन किती, बास. विषुववृत्ताजवळ ऊन कडक, मेलॅनिन जास्त असेल तर रक्तातलं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) वाचतं, आणि उत्तरेला ऊन कमी म्हणून त्वचा उजळ, नाहीतर ड जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणजे छत्री किती जाड एवढाच प्रश्न आहे, छत्रीवरून आतला माणूस कसा ते कळत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं की माणसामाणसातला जनुकीय फरक साधारण ८५ टक्के एकाच समाजाच्या आत असतो, वंशावंशात उरतो तो अगदी थोडा. हे मी पोरांना दरवर्षी शिकवायचो आणि पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांना 'ए काळ्या' म्हणायची, तेव्हा नुसत्या माहितीने भागत नाही हे मान्यच.

पण सगळं गोऱ्या साहेबाने आणलं असंही नाही. इंग्रजांनी आपल्याकडे नाकं मोजली हे खरं, १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर रिस्ले नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावत बसला होता. पण त्याच्या तीनशे वर्षं आधी मलिक अंबर बघा. इथिओपियाचा मुलगा, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला, दख्खनला आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, १६१० ला खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. जहांगीर बादशहाला काही केल्या तो आवरेना तेव्हा बादशहा त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देत बसला, आणि अंबरच्या कापलेल्या मुंडक्याला आपण बाण मारतोय असं चित्रही काढून घेतलं, प्रत्यक्षात ते कधी जमलं नाही. तेव्हा रंगावरून हिणवणं आपल्याकडे नवं नाही, आणि काळ्या माणसाला दख्खनने डोक्यावर घेतलं हेही तितकंच खरं. आता 'वर्णद्वेष' हा शब्दच घ्या, मराठीत वर्ण म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. यावर येवलेकर काही लिहितीलच, त्यांचा मेसेज येतोय असं दिसतंय.

येवलेकर

मास्तर बरोबर ओळखलंत 😄

घरमालक साहेब, तुमची पोस्ट वाचून मला हसू आलं, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला हे पहिल्यांदा दिसलं कारण पहिल्यांदा तुमच्या भाड्याला धक्का लागला. मी २०११ ला नाशकात खोली शोधत होतो, नोकरी होती, पगार होता, चेहरा तुमच्यासारखाच, मराठी तर तुमच्यापेक्षा चांगलं. सहा घरं बघितली. सगळीकडे चहा मिळाला, गाव विचारलं, मग "आडनाव काय म्हणालात?" आणि मग "आमच्या ह्यांना विचारून सांगते". सातवं घर मिळालं ते आपल्याच माणसाचं. मला कुणी काळा म्हटलं नाही की चिंकी म्हटलं नाही, सगळे एकदम गोड बोलले.

२ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड हजारो लोकांना घेऊन उभे राहिले, दारं बंद करून घेतली होती. सत्याग्रह पाचेक वर्षं रेंगाळला. आतला देव काळा हो! काळ्या पाषाणाचा राम, त्याच्यापुढे डोकं टेकायला रंग आड येत नव्हता. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि त्यांनीच हेही मांडलंय की जात म्हणजे वंश नाही, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चर्मकार वंशाने एकच. म्हणजे द्वेष करायला वेगळा रंग, वेगळं नाक काही लागत नाही. काहीच फरक नसला तरी माणूस आडनावात शोधून काढतो.

गंमत बघा, २००१ ला डर्बनला वर्णद्वेषाविरुद्ध युनोची परिषद झाली तेव्हा आपल्या सरकारची भूमिका हीच, की जात म्हणजे वंश नव्हे, सबब जातीचा विषय इथे नको. शास्त्र बरोबर, पण वापरलं कशाला, तर विषय टाळायला. संज्याभाऊ "हा वर्णद्वेष नाही, कल्चरचा फरक" म्हणतात ना, तसंच.

आणि एक विचारतो, खरं सांगा. फ्लॅटची जाहिरात टाकली होती त्यात काय लिहिलं होतं?

मी_सुरगाण्याची

वासाचं वाचून राहवलं नाही. मणिपुरी लोक बांबूचे कोंब आंबवून खातात, सोइबम म्हणतात, त्याचाच वास असणार. आमच्याकडे पावसाळ्यात बांबूच्या कोंबांची भाजी असतेच. होस्टेलला घरून डबा आला की रूममेट म्हणायच्या जंगली खाणं आलं. नंतर त्याच मुली रिसॉर्टला जाऊन तीनशे रुपये देऊन बांबू शूट्स खाऊन आल्या आणि फोटो टाकला.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मावशीने बायोडाटात 'सावळी' खोडून 'गहूवर्णीय' केलं. मी म्हटलं गहू भाजून घेतलाय का.

सातपूरचा_संज्या

येवलेकर, तुमचं वाचलं. उत्तर नाहीये माझ्याकडे. मी 'फॅमिली' म्हणतो तेव्हा नक्की कोण डोळ्यासमोर असतं ते आज दुपारपासून डोक्यात फिरतंय, बायकोला पण विचारलं, ती म्हणाली तुम्ही आडनाव विचारताच की. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही, रविवारी त्या तीस लोकांना वर्णद्वेषी म्हणून काही होणार नाही. काय होईल ते कुणीतरी सांगा.

वकीलबाई_नाशिकरोड

सांगते, कोरडं आहे पण उपयोगाचं आहे.

सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावली) भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते तो) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये ठराव केला म्हणून भाडेकरू निघत नसतात, आधी हे शांतपणे सांगायचं आणि मिनिट्समध्ये लिहून घ्यायचं. लेखी कंप्लेंट मागा, तारीख वेळ प्रकार. 'काय काम करतात ते माहितीये' हे लिहून द्यायला कुणीही पुढे येणार नाही, बघाच. वॉचमनचं जे आहे त्यावर केंद्राच्या गृहखात्याने २०१२ मध्येच राज्यांना कळवलंय की ईशान्येतल्या अनुसूचित जमातीच्या माणसाला असं हिणवलं तर ॲट्रॉसिटी लावा. आणि 'त्या तर बाहेरच्या राज्यातल्या, इथल्या यादीत नाहीत' असं कुणी म्हटलं तर मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलंय की ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण राज्याच्या हद्दीला संपत नाही. धमकी म्हणून नका वापरू, पण खिशात असू दे.

नुसत्या कायद्याने मात्र भागत नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मारहाणीत तो गेला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अहवाल दिला, वंशावरून हिणवण्यासाठी वेगळं कलम घाला म्हणून शिफारस केली, ते कलम काही आलं नाही. नवीन न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर त्याला वेगळं पोटकलम आहे, पण तिथे माणूस मेल्यावर कायदा जागा होतो.

आता संज्याभाऊंचा 'सवय होते हळूहळू' हा मुद्दा. नुसतं शेजारी राहून होत नाही. मॅट लोव नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या पोरांच्या क्रिकेट लीग भरवल्या. जी पोरं एका टीममध्ये खेळली त्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली, आणि जी फक्त समोरासमोर प्रतिस्पर्धी म्हणून खेळली त्यांची उलट कमी झाली. म्हणजे भेट झाली एवढं पुरत नाही, एकाच बाजूने खेळायला लागतं आणि बरोबरीने. आपल्याकडे वर्षानुवर्षं कामवाली घरात येते, वॉचमन गेटवर असतो, रोजची भेट आहेच की, काय फरक पडला? कप वेगळाच राहिला. तेव्हा त्या मुलींना 'समजून घ्या' म्हणण्यापेक्षा सोसायटीच्या कामात घ्या, त्या भाडेकरू असल्या तरी मेंटेनन्स त्यांच्याच भाड्यातून जातोय. हॉटेलात फ्रंट ऑफिसला असतील तर तुमच्या सेक्रेटरीपेक्षा हिशेब बरा ठेवतील 🙂

शरणपूर_रोड

वकीलबाई शेवटची ओळ जबरी. फक्त एक, चांगलं वागून दाखवायची जबाबदारी परत त्या मुलींवरच टाकू नका. जळगावच्या पोरांनी कुठे हिशेब ठेवले होते.

वकीलबाई_नाशिकरोड

हे मात्र खरं. मागे घेते.

गंगापूररोडचा_घरमालक

मंडळी, झाली मीटिंग. उशिरा लिहितोय, चार दिवस गावाला होतो.

वकीलबाईंनी सांगितलं तसंच केलं, बायलॉजची झेरॉक्स नेली आणि लेखी कंप्लेंट मागितली. दोन आल्या, दोन्ही वासाच्या. तिसरी कुणी दिली नाही. चेअरमन म्हणाले विषय पुढच्या मीटिंगला घेऊ, म्हणजे मेला नाही, झोपवला. एका काकांनी 'आपल्या सुनांवर काय संस्कार होतील' असं सुरू केलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे सुकट भाजतात तेव्हा तुम्ही खिडक्या लावता, पण मीटिंग घेत नाही, का तर फ्लॅट आमच्या मालकीचा आहे म्हणून ना. त्यावर कुणी काही बोललं नाही. शरणपूर रोड, तुमचा पोटाचा अंदाजही चुकला नाही, सेक्रेटरींच्या भाच्याला नाशिकला बदली मिळालीये आणि त्याला गंगापूर रोडलाच टू बीएचके हवाय, हे मला लिफ्टमनकडून कळलं.

मुलींना घडलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील वगैरे. मिझोरामची म्हणाली, अंकल, पुण्याला दोन वेळा झालं, २०२० ला तर दुकानात कोरोना कोरोना म्हणायचे, आम्ही अर्ध्या बॅगा उघडतच नाही. मला वाटलं होतं मी फार मोठं काहीतरी केलं रविवारी.

वॉचमनशी बोललो, तो म्हणाला साहेब वाईट अर्थाने नाही म्हणत. म्हटलं तुला भय्या म्हणतात ते चांगल्या अर्थाने म्हणतात का? हसला. आता त्यांना मॅडम म्हणतो, किती दिवस ते माहीत नाही.

डाळीच्या पिठाचं युद्ध घरात चालू आहे, आई ऐकत नाही, मुलगी लावत नाही.

येवलेकर, तुमचं उत्तर राहिलं. जाहिरात परत उघडून बघितली. 'ओन्ली व्हेज मराठी फॅमिली प्रेफर्ड'. एजंटने लिहिलं असेल असं म्हणणार होतो, पण मेसेज काढून बघितला, मीच पाठवलेला आहे. मुली आल्या तेव्हा फ्लॅट तीन महिने रिकामा होता आणि हप्ता चालू होता, म्हणून घेतल्या मी.

येवलेकर

हे लिहिलंत ते बरं केलंत. कधी येवल्याला आलात तर या घरी, पैठण्या बघू आणि जेवू. नॉनव्हेज असेल, आधीच सांगतो.